मुलगा कॅनडात, वर्गणीच्या फलकावर अमेरिका. बदलून घेऊ का?

शुभा_विश्रामबाग
नमस्कार मंडळी. प्रश्न साधाच आहे पण घरात तीन दिवस त्यावरून धुसफूस चाललीय म्हणून इथं टाकतेय. आमच्या सोसायटीच्या गणपतीच्या वर्गणीचा फलक लागलाय गेटपाशी, हिरव्या बोर्डावर पांढऱ्या रंगात, पेंटरनं हातानं लिहिलेला. त्यात आमच्या चिरंजीवांचं नाव आणि पुढं कंसात अमेरिका, ५००१. मी हौसेनं फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. तर खूश होणं राहिलं बाजूला, मिसिसागाहून व्हॉइस मेसेज, "आई मी अमेरिकेत नाही कॅनडात आहे, किती वेळा सांगायचं, आणि यंदा तर अजिबात नको." यंदाच काय विशेष ते मला कळेना. ह्यांचं म्हणणं कॅनडा उत्तर अमेरिकेतच येतो, शाळेत हेच शिकलो, मग चुकलं कुठं? पेंटर खाडाखोडीचे दोनशे मागतोय. नुसत्या एका शब्दाचं एवढं लागतं का हो माणसाला? तिकडं राहणाऱ्यांनी सांगा.

टोरांटोतला_तासगावकर
लागतं काकू. दोनशे देऊन टाका.

भडंगप्रेमी
५००१ देणाऱ्याला दोनशेची खाडाखोड फुकट पाहिजे खरं तर. पेंटरचा नंबर द्या मी बोलतो

मिरजेचा_तानपुरा
एका शब्दाचं लागतं का हे सांगलीकर विचारतायत, वा. काकू आमच्या महापालिकेचं नाव वाचा एकदा. सांगली-मिरज-कुपवाड. १९९८ पासून मिरजेच्या माणसाला पत्ता सांगताना सांगली आधी घ्यावी लागते. कुपवाडच्या माणसाचा तर नंबर येईपर्यंत समोरचा फोन ठेवतो.

कृष्णाकाठ
जंक्शन तुमच्याकडं, दवाखाने तुमच्याकडं, सतारी तुमच्या, आणि रडायचं पण तुम्हीच? :)

राजवाडा_सातारा
सांगलीकरांनी नावावर बोलूच नये, १९४९ ला जिल्हा झाला तेव्हा तुमचं नाव "दक्षिण सातारा" होतं आणि ते १९६० पर्यंत टिकलं. आमचं आडनाव लावून अकरा वर्षं नांदलात, आता कॅनडाची कसली काळजी करताय.

टोरांटोतला_तासगावकर
काकू, काल घाईत एक ओळ टाकली, आता नीट लिहितो कारण यंदाचं काय विशेष असं तुम्ही विचारलंय.

इथला माणूस स्वतःला कधीच अमेरिकन म्हणत नाही. खंडाचं नाव अमेरिका आहे हे त्याला माहितीय पण त्याचा काही संबंध नाही. विमानतळावर, हॉटेलात, बाहेरच्या देशात कुठंही "तुम्ही अमेरिकन का" विचारलं की चेहरा बघण्यासारखा होतो. पिशवीवर मेपलचं पान शिवून युरोप फिरणारी माणसं मी स्वतः बघितलीत. दिसायला सारखे, इंग्रजी बरीचशी सारखी, टीव्हीवर तेच कार्यक्रम. म्हणूनच "आम्ही ते नव्हे" हे सांगणं हा इथला अर्धा राष्ट्रधर्म आहे. १९७१ पासून रेडिओला सक्तीच आहे की ठराविक टक्के गाणी कॅनडातल्या माणसांचीच वाजली पाहिजेत, सुरुवातीला ३० टक्के होती. का, तर नाहीतर सगळं दक्षिणेकडून वाहत येणार. क्षेत्रफळात रशियाच्या खालोखाल जगात दुसरा आहे हा देश पण माणसं चार कोटी, खाली चौतीस कोटी, आणि इथली बहुतेक वस्ती सीमेला चिकटून. थोरले ट्रुडो पंतप्रधान असताना १९६९ ला वॉशिंग्टनला जाऊन तिथल्या पत्रकारांना सांगून आले होते की तुमच्या शेजारी राहणं म्हणजे हत्तीशेजारी झोपणं, जनावर कितीही गरीब असलं तरी त्याच्या प्रत्येक हालचालीचा नि हुंकाराचा आपल्यावर परिणाम होतो.

हे झालं जुनं. यंदा, म्हणजे २०२५ ला, त्या हत्तीनं नुसती कूस बदलली नाही, "तू माझाच पाय आहेस" म्हणायला लागला. ट्रम्पनी सुनावलं, ५१ वं राज्य व्हा, तुमच्या पंतप्रधानाला गव्हर्नर म्हणतो, वर टॅरिफ. सुरुवातीला लोक हसले आणि मग एकदम हसायचे थांबले. हॉकीच्या मॅचला अमेरिकेचं राष्ट्रगीत लागलं की हुर्यो. दारूच्या सरकारी दुकानातून अमेरिकन बाटल्या उचलून ठेवल्या. माझी नऊ वर्षांची पोरगी दुकानात टोमॅटोचं लेबल उलटंपालटं करून वाचते, मेक्सिकोचा असला तर टोपलीत, यूएसएचा असला तर परत ढिगावर. मी म्हटलं अगं भाव सारखाच आहे, तर म्हणते बाबा भावाचं नाहीये. "एल्बोज अप" म्हणतात इथं, हॉकीतला शब्द आहे, कोपरं वर काढून उभं राहायचं, आपल्या भाषेत बाह्या सरसावून. एप्रिलमधली निवडणूक याच एका गोष्टीवर फिरली, हरणार वाटत होता तो पक्ष जिंकला.

आता अशा वर्षात तुमच्या मुलाच्या नावापुढं गावात रंगवून ठेवलंय अमेरिका. सांगा बरं.

शुभा_विश्रामबाग
अगं बाई. एवढं माहीत नव्हतं. पण ह्यांना वाचून दाखवलं तर म्हणतात टोमॅटो ठीक आहे, खंडाचं काय ते सांगा. खंडाचं नाव अमेरिकाच आहे ना?

भूगोल_मास्तर
ताई, मिस्टर चूक नाहीत. पण नाव कसं पडलं ते ऐका म्हणजे गंमत कळेल. १५०७ साली वाल्डझेम्युलर नावाच्या जर्मन नकाशेवाल्यानं जगाचा नकाशा छापला आणि फ्लॉरेन्सच्या अमेरिगो व्हेस्पुचीच्या नावावरून नव्या भूमीला अमेरिका म्हटलं. पण ते अक्षर नकाशावर कुठं आहे? दक्षिणेकडं, आजच्या ब्राझीलच्या बाजूला. उत्तरेकडच्या तुकड्याला ते नाव नव्हतंच. उत्तर आणि दक्षिण दोन्हींना मर्केटरनं १५३८ च्या नकाशात दिलं. म्हणजे मूळ अमेरिका ती खालची. आणि त्या १५०७ च्या नकाशाची एकच प्रत जगात शिल्लक आहे, ती २००३ ला वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं एक कोटी डॉलर मोजून विकत घेतली. नाव दुसऱ्याच्या जमिनीवर लिहिलेलं आणि कागद ह्यांच्या तिजोरीत.

आमच्या वेळच्या पुस्तकात "अमेरिकेची संयुक्त संस्थाने" असं पूर्ण लिहिलेलं असायचं, कंटाळा आला तर अ.सं.सं. ते बरोबर होतं. अमेरिकेतली, म्हणजे अमेरिका नावाच्या भूमीवरची, संयुक्त संस्थाने. पुढं मधलं सगळं गळालं आणि नुसती अमेरिका राहिली.

भडंगप्रेमी
मास्तर, संस्थाने म्हटलं की मला आपलं सांगली, मिरज, जत, औंधच आठवतं

भूगोल_मास्तर
हसू नका, झालं होतं तसं. १९४७ ला औंध, फलटण, सांगली वगैरे संस्थानिकांनी मिळून "युनायटेड डेक्कन स्टेट" काढायचा घाट घातला होता. मार्च १९४८ ला सगळी मुंबई प्रांतात विलीन झाली म्हणून राहिलं.

मिरजेचा_तानपुरा
झालं असतं तरी नावात सांगली आधी आली असती, पैज लावतो.

विट्याचा_मेक्सिकोत
धागा उशिरा बघितला. मी केरेतारोला आहे, गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत, सहा वर्षं झाली. (हो, विट्याचा असून गलाईत, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात, नाही, घरचे अजून चुकल्यासारखं बघतात.)

इथं तासगावकर दादांच्या बरोब्बर उलटं आहे. पहिल्या आठवड्यात मी कँटीनमध्ये बोलून गेलो की आपला तो अमेरिकन कस्टमर येणार आहे. समोरचा शांतपणे म्हणाला, "म्हणजे कुठला, अर्जेंटिनाचा का?" सगळं टेबल हसलं. इथं शाळेत अमेरिका हा एकच खंड शिकवतात, अलास्कापासून थेट खालच्या टोकापर्यंत, आणि त्यातले सगळे अमेरिकन. ऑलिंपिकची पाच कडी मोजा, त्यातही अमेरिकेला एकच. वरच्या देशातल्या माणसाला स्पॅनिशमध्ये वेगळा शब्द आहे, एस्तादोउनिदेन्से, म्हणजे आपलं संयुक्तसंस्थानवाला. बोलायला जीभ वळत नाही म्हणून बरेच जण ग्रिंगो नाहीतर "नोर्तेआमेरिकानो" म्हणतात. त्यातही मेख अशी की मेक्सिको स्वतःच उत्तर अमेरिकेत आहे! हे मी एकदा बोलून दाखवलं, तर तोच कँटीनवाला म्हणाला, "तू नुकताच आलायस, जेव."

आणखी एक. मेक्सिकोचं अधिकृत नाव "एस्तादोस उनिदोस मेहिकानोस" आहे, म्हणजे हेही युनायटेड स्टेट्सच. ब्राझीलही १९६७ पर्यंत कागदोपत्री संयुक्त संस्थानंच होती.

कॅनडावाले अमेरिका शब्दापासून पळतात, इथले म्हणतात आमचा शब्द आम्हाला परत द्या. २०२५ च्या जानेवारीत ते मेक्सिकोच्या आखाताला अमेरिकेचं आखात म्हणायचं निघालं तेव्हा इथल्या राष्ट्राध्यक्ष बाईंनी पत्रकार परिषदेत मागं १६०७ चा नकाशा लावला आणि म्हणाल्या, मग उत्तर अमेरिकेला आपण "मेक्सिकन अमेरिका" म्हणू या की, छान वाटतं ना ऐकायला? इथं दोन दिवस लोक नुसते खिदळत होते. पण हसण्याखाली जुनं दुखणं आहे. १८४८ ला युद्ध हरल्यावर मोठा मुलूख द्यावा लागला, त्याच्या आधीच गेलेलं टेक्सास धरलं तर निम्म्याहून जास्त. कॅलिफोर्निया, ॲरिझोना, न्यू मेक्सिको, नावं बघा ना, लॉस एंजेलिस, सॅन फ्रान्सिस्को, सगळी स्पॅनिश.

आणि एक गंमत. तीन देशांचा तो व्यापार करार आहे ना, आधी नाफ्टा होता, २०२० पासून नवा. वरचे त्याला यूएसएमसीए म्हणतात, कॅनडावाले कूस्मा, आम्ही इथं ते-मेक. तीन सह्या आणि प्रत्येकानं आपलं नाव पहिलं घातलंय.

मिरजेचा_तानपुरा
हे!!! मिरज-सांगली-कुपवाड! आमच्या लेटरहेडवर आम्ही आमचं लिहू, तुमच्यावर तुमचं. कुणाला त्रास आहे?

टोरांटोतला_तासगावकर
विटेकर भारी लिहिलंय. पळणं आणि परत मागणं हे बरोबर पकडलं. फक्त क्युबेकची माणसं भेटली तर आणखी तिसराच प्रकार निघेल, त्यांना "कॅनेडियन" म्हटलेलंही कधीकधी आवडत नाही. पण तो धागा वेगळा काढावा लागेल.

राजवाडा_सातारा
१८४८ वाचून थबकलो. त्याच साली आमचंही गेलं. प्रतापसिंहांच्या मागून आलेले शहाजीराजे वारले आणि दत्तक नामंजूर करून डलहौसीनं सातारा खालसा केला. तिकडं मेक्सिकोचा निम्मा देश, इकडं छत्रपतींची गादी, वर्ष एकच.

कृष्णाकाठ
राजवाडा, तुमच्या त्या "आडनाव लावून नांदलात" ला उत्तर द्यायचं राहिलंय. माझ्या आजोबांचा शाळेचा दाखला आहे घरी, पिवळा पडलेला, घडीवर फाटलेला, त्यावर ठसठशीत "जि. दक्षिण सातारा". लहानपणी मी विचारलं होतं आपण साताऱ्याचे का, तर म्हातारा तंबाखूची पिंक टाकून म्हणाला, "सरकारला ठावं नव्हतं आपलं नाव काय ठेवायचं." ते हसण्यावारी गेलं. पण प्रतिसरकारचं काय? पुस्तकात, भाषणात, टीव्हीवर, सगळीकडं "साताऱ्याचं प्रतिसरकार". क्रांतिसिंह नाना पाटील येडे मच्छिंद्रचे, म्हणजे आजच्या वाळवा तालुक्यातले, जिल्हा सांगली. कुंडल, जिथं सगळं घडलं, पलूस तालुका, जिल्हा सांगली. पोरं आमच्या गावांची भूमिगत झाली, भाकऱ्या आमच्या बायकांनी रात्री उसाच्या फडात नेऊन पोचवल्या, आणि नाव कुणाचं? मोठ्याचं. मोठ्याला त्यासाठी काही करावंच लागत नाही, आपोआप मिळतं, ते जास्त झोंबतं.

राजवाडा_सातारा
भावा, भाकरी कुणी नेल्या यावर वाद नाही, पाया पडतो. पण १९४३ ला सांगली जिल्हा होता का? नव्हता. कुंडल सातारा जिल्ह्यात होतं, तिथली माणसं स्वतःला सातारा जिल्ह्यातली म्हणत होती. त्यांनी जे नाव घेतलं ते तुम्ही आज मागं जाऊन कसं बदलणार? आणि सरकारनं १९४९ ला रेघ मारली म्हणून नाना पाटील माझे कमी झाले का? मला नाही पटत. वाटणी झाली म्हणून आजोबांचं आडनाव बदलत नाही.

कृष्णाकाठ
आजोबा दोघांचे, मान्य. फोटो मात्र तुमच्याच भिंतीवर.

राजवाडा_सातारा
या की मग साताऱ्याला. फोटो बघू, कंदी पेढे खाऊ.

चपलेची_करकर
मला वेगळंच सुचलं. कोल्हापुरी चप्पल. २०१९ ला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं त्यात आठ जिल्हे आहेत. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि पलीकडचे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. अथणीकडचा कारागीर चामडं कापतो आणि पायात कोल्हापूर. पण त्याला विचारलं तर म्हणेल नाव राहू दे बाबा, त्या नावावरच विकली जाते. म्हणजे मोठ्याच्या नावाखाली राहण्यात पोटापाण्याचा हिशेब पण असतो हे पण बघा. मी स्वतः पुण्यात वीस वर्षं "कोल्हापूरकडचा" सांगतोय, कारण सांगली म्हटलं की पुढचा प्रश्न "म्हणजे नक्की कुठं?" आणि कोल्हापूर म्हटलं की डायरेक्ट तांबडा-पांढरा रश्श्यावर गाडी जाते, सुटका.

भडंगप्रेमी
गद्दार

चपलेची_करकर
असू दे, उपाशी नाही राहिलो

पहाडी_मिरजकर
नमस्कार. नेहमी नुसता वाचतो, आज लिहितोय. माझे वडील नेपाळहून, पोखराच्या वरच्या बाजूच्या गावातून, १९८४ ला मिरजेत आले, मी इथंच जन्मलो, शाळा मराठी, बायको मिरजेची. सगळ्यांनी कॅनडा-मेक्सिकोबद्दल इतक्या आपुलकीनं लिहिलंय की मला राहवलं नाही. दक्षिणेकडचा हत्ती बघायला कॅनडात कशाला जायचं? आमच्या मामाला विचारा. २०१५ ला एप्रिलमध्ये भूकंप झाला, सप्टेंबरात नवी राज्यघटना आली आणि लगेच सीमेवरून ट्रक यायचे बंद. भारत सरकारचं म्हणणं आम्ही काही अडवलेलं नाही, तिकडचेच आंदोलक बसलेत. असेल. पण मामाच्या घरी पाच महिने गॅसचा सिलिंडर आला तर अर्धा भरलेला, आणि मामी अंगणात लाकडावर भात शिजवत होती, भिंतीची भेग तशीच उघडी. तिथं प्रत्येकाच्या तोंडी एकच, भारतानं गळा धरला. ती पिढी विसरणार नाही.

आणि नावाचं म्हणाल तर "भारतीय उपखंड". नेपाळ उपखंडात, श्रीलंका उपखंडात, पण उपखंड कुणाचा? मी शाळेत निबंधात लिहिलं होतं बुद्धाचा जन्म नेपाळमध्ये झाला, तर आख्खा वर्ग हसला होता. लुंबिनी नेपाळातच आहे हो, नकाशा काढून बघा.

सरळसोट
अहो पण तुलना चुकतेय. आपण अमेरिकेसारखे नाही. नेपाळी माणसाला इथं यायला व्हिसा लागत नाही, नोकरी करता येते, आपल्या सैन्यात गोरखा रेजिमेंट आहेत. आपण त्यांना भाऊ मानतो.

पहाडी_मिरजकर
मानता, आणि त्याचा मला फायदाच झालाय, खोटं कशाला बोलू. पण भाऊ म्हटलं की मोठा कोण ते न विचारताच ठरतं ना दादा?

सरळसोट
हम्म. माझा थोरला भाऊ पण असाच आहे. चिडायचं म्हटलं तर घराचा हप्ता त्यानंच भरलेला.

भूगोल_मास्तर
पहाडी, बरोबर बोललात. आखाताचं नाव बदललं म्हणून आपण सगळे हसलो. पण आपला "हिंदी महासागर" बघा. केनियापासून इंडोनेशियापर्यंत किनारा, आणि महासागर आपल्या नावाचा. तीस वर्षं वर्गात शिकवला, एकदाही मनात आलं नाही की मालदीवच्या पोराला हे वाचताना काय वाटत असेल. अर्थात हे नाव आपण ठेवलेलं नाही, बाहेरच्यांनी ठेवलं. पण अमेरिका हे नाव तरी अमेरिकेनं कुठं ठेवलं होतं.

टोरांटोतला_तासगावकर
मास्तर, खरं सांगतो, इथं पंजाबी, पाकिस्तानी, श्रीलंकन तमिळ सगळ्यांना "साउथ एशियन" म्हणतात आणि माझी चिडचिड होते की सरळ इंडियन का नाही म्हणत. आज कळलं मी त्या वेळी हत्तीच्या बाजूनं चिडत होतो.

भडंगप्रेमी
काकू कुठं गेल्या? फलक राहिला का तसाच? विसर्जन येईल

पहाडी_मिरजकर
काकू, एक विचारू? तुमच्या त्या फलकावर वॉचमनचं नाव आहे का, आणि काय लिहिलंय?

शुभा_विश्रामबाग
आले. दोन दिवस आरती-प्रसादाच्या गडबडीत होते, सगळं एका दमात वाचलं. ह्यांनी पण वाचलं, चष्मा लावून, आणि खंडाचा मुद्दा मागं घेतलाय. म्हणजे तोंडानं नाही घेतला, पण पाकिटातून दोनशे काढून टेबलावर ठेवले.

पहाडी, तुम्ही विचारलंत म्हणून चप्पल घालून खाली जाऊन बघून आले. सगळ्यात शेवटी, खालच्या कोपऱ्यात, "बहादूर (वॉचमन) १०१". आठ वर्षं झाली त्याला आमच्या गेटवर, मी रोज बहादूर अशीच हाक मारते. लाज वाटली म्हणून मुद्दाम विचारलं, बाबा तुझं खरं नाव काय, फलकावर नीट घालून घेऊ. तर म्हणाला टेकबहादूर. म्हणजे बहादूर आहेच की त्यात! मी म्हटलं मग टेकबहादूर, नेपाळ असं पूर्ण लिहायला सांगते. तर तो स्टुलावरून उठला, इकडंतिकडं बघून हळूच म्हणाला, "काकू, नाव राहू दे. मी एकशे एक्कावन दिले होते, तेवढं बघा."

आता पेंटर म्हणतोय दोन दुरुस्त्यांचे तीनशे होतील.